जिप्सीचा कॅम, टायमिंग आणि ॲव्हरेज : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं मारुती जिप्सीची आहेत, आणि त्यातही एकाच विषयाची : कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दांड्याचं) टायमिंग पुढेमागे करून पेट्रोल वाचतं का? कॅम 'पुढे' घेणं म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडणं आणि लवकर बंद होणं, 'मागे' म्हणजे उशिरा. जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, २००० मध्ये तिला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन मिळालं. खालची बहुतेक उत्तरं १२९८ सीसीच्या ८ व्हॉल्व्ह कार्बोरेटर इंजिनासाठी आहेत. जिथे वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे. अंश म्हटलं की ते क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) अंश समजावेत. कॅमचे अंश असतील तिथे तसा उल्लेख आहे.

प्रश्न : माझी १९९८ ची कार्बोरेटर जिप्सी किंग आहे. ताम्हिणी आणि वरंधा घाटात बऱ्याच फेऱ्या होतात. ॲव्हरेज लिटरला नऊच्या आसपास मिळतं. गॅरेजवाले म्हणतात, टायमिंग बेल्ट एक दात पुढे बसवला तर पिकअपही वाढेल आणि दोन किलोमीटर ॲव्हरेजही. हे करावं का? (पुणे)

उत्तर : एक दात पुढे अजिबात बसवू नका. आधी साधा हिशोब बघू. कॅमची पुली क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दातांची असते, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. तुमच्या कॅम पुलीचे दात मोजा आणि ७२० ला त्या संख्येने भागा. ४० दात निघाले तर एक दात म्हणजे १८ अंश. कॅम पुढे घेण्याचा फायदा मिळतो तो २ ते ४ अंशांत. १८ अंश पुढे घेतल्यावर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर येत असतानाच उघडायला लागतो, जळालेला वायू इनटेकमध्ये शिरतो, आयडलिंग खडखडतं. शिवाय व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर घटतं ते वेगळंच.

मग एक दात पुढे घेतलेली गाडी काही जणांना 'उचलल्यासारखी' का वाटते? या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) कॅमशाफ्टवरच चालतो. कॅम जितका पुढे जाईल तितकंच इग्निशनचं टायमिंगही पुढे जातं. ज्या गाडीचं इग्निशन वर्षानुवर्षं मागे राहिलेलं असतं, तिला डिस्ट्रिब्युटर नुसता ४-५ अंश पुढे फिरवला तरी नवं बळ आल्यासारखं वाटतं. त्यात बेल्टचा काहीच वाटा नसतो. म्हणून कॅमला हात लावण्याआधी टायमिंग लाइट लावून इग्निशन गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. बोनेटमधल्या पुलीवर खूण शोधत बसू नका. ती गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवरचं रबरी बूच काढल्यावर फ्लायव्हीलवर दिसते. रेघ खडूने पांढरी करून घ्या, नाहीतर तेलाच्या थरात ती सापडत नाही.

त्याच वेळी व्हॅक्युम ॲडव्हान्सही (हलक्या पायाला ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) तपासा. कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरच्या डबीकडे येणारी बारीक नळी काढा आणि तोंडाने ओढून बघा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने नळी बंद केल्यावर जागच्या जागी थांबली पाहिजे. डायफ्राम फाटलेला असेल तर हवा नुसतीच येत राहते. अशा गाडीत हलक्या पायाने चालवताना ठिणगी उशिरा पडते आणि पेट्रोल जळतं पण ढकलत नाही. पेट्रोल खाणाऱ्या जुन्या जिप्सींमध्ये हा दोष फार वेळा सापडतो आणि फार कमी वेळा तपासला जातो.

आता मूळ मुद्दा. कॅम ३-४ अंश पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह तितकाच लवकर बंद होतो. इंजिन कमी फेऱ्यांवर चालताना पिस्टन वर यायला लागल्यावरही व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा असतो आणि आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं. तो परतीचा भाग कमी होतो, सिलिंडर जास्त भरतो, १५०० ते २५०० आरपीएमला ओढ वाढते. वरच्या फेऱ्यांना मात्र तेवढीच ताकद जाते. आणि एकाच कॅमवर दोन्ही व्हॉल्व्ह असल्यामुळे एक्झॉस्टही लवकर उघडतो, म्हणजे जळालेल्या वायूचं काम थोडं आधीच सोडून द्यावं लागतं.

यातून पेट्रोल आपोआप वाचत नाही, हे नीट लक्षात घ्या. वाढलेल्या ओढीमुळे तुम्ही वरचा गिअर लवकर टाकलात आणि घाटात तिसऱ्याऐवजी चौथ्यावर निभावलंत, तर वाचतं. पूर्वीसारखंच गिअर खेचून चालवलंत तर फरक शून्य. हायवेवर तर अपेक्षाच ठेवू नका. जिप्सीचा ट्रान्सफर केस हाय रेंजमध्येही १.४०९ चं रिडक्शन देतो. त्यामुळे पाचव्या गिअरला ८० च्या वेगात इंजिन सुमारे ३००० फेरे घेत असतं. त्या फेऱ्यांना पुढे घेतलेल्या कॅमचा लाभ जवळजवळ संपलेला असतो.

तुमचा वापर घाटाचा आहे, म्हणून तुमच्यासाठी ३ अंशांचा विचार करण्यासारखा आहे. पण क्रम असा ठेवा : टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग, इग्निशन, व्हॅक्युम ॲडव्हान्स, कार्बोरेटर, चाकं मोकळी फिरतात का, आणि मग कॅम. पहिल्या सहांतच तुमचे दोन किलोमीटर बहुधा मिळून जातील.

प्रश्न : ॲडजस्टेबल कॅम पुली मिळाली आहे. ती बसवून नेमके ४ अंश पुढे कसे घ्यायचे? पुलीवरच्या रेघांवर विश्वास ठेवावा का? मला स्वतः काम करायचं आहे, साधनं आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : पुलीवरच्या रेघा फक्त किती सरकवलं ते सांगतात, सुरुवात कुठून झाली ते सांगत नाहीत. ताणलेला बेल्ट, घासलेलं हेड, झिजलेली चावी (पुलीला दांड्यावर फिरू न देणारी लोखंडी पट्टी) यांमुळे तुमचा कॅम आत्ताच ३ अंश मागे असू शकतो. म्हणून आधी मोजा. अजून एक : त्या रेघा कॅमच्या अंशांत आहेत की क्रँकच्या, हे पाहून घ्या. ४ कॅम अंश म्हणजे ८ क्रँक अंश, आणि इथेच पुष्कळ जण फसतात.

लागणारं सामान : २०० ते २५० मिमी व्यासाची अंशचकती (कागदावर छापून ॲक्रिलिकवर चिकटवलेली चालते, २२० मिमीच्या चकतीवर एक अंश जवळजवळ २ मिमीचा येतो), जाड तारेचा काटा, ०.०१ मिमीचा डायल गेज, पिस्टन अडवायला स्टॉप, टॉर्क पाना, फीलर गेज. स्टॉप घरी करता येतो. जुन्या प्लगमधलं पोर्सेलिन फोडून काढा, आत बोल्ट बसवा आणि बोल्टचं टोक गोल घासा.

बॅटरीची वायर काढा, चारही प्लग काढा, इंजिन थंड असू द्या. टॅपेट आधी सेट करा. थंड इंजिनात इनटेकला साधारण ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला त्याहून किंचित जास्त फट असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फट चुकीची असेल तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं.

चकती क्रँक पुलीच्या बोल्टवर घट्ट बसवा आणि काटा इंजिनच्या एखाद्या बोल्टला बांधा. पिस्टन अंदाजाने वर आणून चकतीचं शून्य काट्याखाली ठेवा. मग पिस्टन थोडा खाली नेऊन पहिल्या सिलिंडरमध्ये स्टॉप बसवा. क्रँक हाताने, हळू, स्टॉपला टेकेपर्यंत एका बाजूला फिरवा आणि आकडा लिहा. मग उलट बाजूला टेकेपर्यंत फिरवा आणि तोही लिहा. समजा एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला ३८ आले. मग काटा ३ अंशांनी सरकवा, म्हणजे दोन्हीकडे ३५ येतील. आता चकतीवरचं शून्य हेच पिस्टनचं खरं वरचं टोक, म्हणजे टीडीसी. ही पायरी गाळून डोळ्यांनी टीडीसी शोधली तर ४-५ अंशांची चूक सहज होते, कारण वरच्या टोकाला क्रँक बराच फिरला तरी पिस्टन हलत नाही. स्टॉप काढायला विसरू नका.

डायल गेज बसवताना एक अडचण येते. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यावर मॅग्नेट स्टँड चिकटत नाही. हेड कव्हरच्या बोल्टच्या भोकात लोखंडी पट्टी घट्ट करा आणि मॅग्नेट तिच्यावर ठेवा. गेजची सुई पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या वाटीवर टेकवा. सुई व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सरळ रेषेत हवी. तिरकी बसली तर लिफ्ट कमी-जास्त दिसते.

आता क्रँक नेहमीच्या दिशेने, म्हणजे समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की गेजवर शून्य धरा. पुन्हा पूर्ण फेरा घ्या आणि व्हॉल्व्ह उघडताना शून्याच्या १ मिमी आधी चकतीवर किती अंश आहेत ते टिपा. तसंच फिरवत पुढे जा, शून्य ओलांडून १ मिमी बंद झाल्यावर पुन्हा टिपा. समजा टीडीसीनंतर ७४ आणि १४६ आले. बेरीज २२०, अर्ध ११०. म्हणजे इनटेक कॅमचं शिखर टीडीसीनंतर ११० अंशांवर आहे. ४ अंश पुढे घ्यायचा तर ते १०६ वर यायला हवं. मोजताना एखादा आकडा चुकून पुढे गेला तर क्रँक किंचित मागे आणून तो गाठू नका. उलट फिरवल्यावर बेल्टची ढिली बाजू बदलते आणि वाचन खोटं पडतं. पाव फेरा मागे घेऊन पुन्हा पुढून या.

शिखर जिथे हवं तिथे आणायला पुलीचे छोटे बोल्ट सैल करा आणि मधला भाग बाहेरच्या कड्याच्या तुलनेत घड्याळाच्या दिशेने सरकवा. कडं बेल्टने धरलेलं असतं, त्यामुळे कॅम पुढे जातो. बोल्ट आवळा, पुन्हा मोजा. आवळताना अर्धा-एक अंश सरकतं, तेव्हा दुसऱ्यांदा मोजावं लागतंच. शेवटी बोल्टांना थ्रेडलॉकर लावून टॉर्क पान्याने घट्ट करा. हे बोल्ट चालत्या गाडीत ढिले झाले तर कॅम मागे सरकतो आणि गाडी घाटातच बसते.

प्लग न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही कडक अडथळा लागला तर जोर लावू नका, परत मागे या. कॅम पुढे घेतल्यावर टीडीसीजवळ इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जास्त जवळ येतो, मागे घेतल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह येतो. मूळ कॅम आणि मूळ हेड असताना ४ अंशांना सहसा अडचण येत नाही. हेड बरंच घासलेलं असेल तर पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून अंतर मोजल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. इनटेकला २ मिमीपेक्षा कमी जाडी उरली तर तो कॅम पुढे घेऊ नये.

आता डिस्ट्रिब्युटर. कॅम ४ अंश पुढे गेला, तर इग्निशनही ४ अंश पुढे गेलेलं आहे. टायमिंग लाइट लावा आणि मूळ आकड्यावर परत आणा. इग्निशन मागे घ्यायचं तर डिस्ट्रिब्युटरची बॉडी त्याच्या आतला रोटर फिरतो त्याच दिशेने फिरवा. हे न करता 'बघा, केवढा फरक पडला' म्हणणारे कॅमचा फरक मोजत नसतात.

ॲडजस्टेबल पुली नसेल तर लेथवाल्याकडून ऑफसेट पिन करून घेता येते. कॅमच्या टोकाची पिन केंद्रापासून १५ मिमीवर असेल, तर ४ क्रँक अंशांसाठी, म्हणजे २ कॅम अंशांसाठी, पिन सुमारे ०.५२ मिमीने बाजूला हवी. पुलीची खाच कानशीने घासून रुंद करू नका. खाच एकदा ढिली झाली की पिन ठोके खात तुटते.

प्रश्न : आमच्या जंगल सफारीच्या दोन जिप्सी आहेत. एकीचं हेड गरम होऊन वाकलं होतं म्हणून सरफेस ग्राइंडिंग केलं. त्यानंतर गाडी चढावर दम धरत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. मेकॅनिक म्हणतो हेड घासल्यामुळे टायमिंग बिघडलं. खरं आहे का? (चंद्रपूर)

उत्तर : तत्त्व खरं आहे, पण सगळा दोष त्यावर टाकता येणार नाही. हेड खाली आलं की क्रँक आणि कॅम यांतलं अंतर कमी होतं. बेल्टची ओढती बाजू तितकी ढिली पडते, आणि टेन्शनर दुसऱ्या बाजूला असल्यामुळे ती ढील घेताना कॅम मागे जातो. पण किती? कॅम पुलीचा व्यास १२० मिमी धरला आणि हेड ०.२५ मिमी घासलं, तर कॅम साधारण अर्धा क्रँक अंश मागे जातो. अर्धा मिमी घासलं तर एक अंश. एवढ्याने चढावर गाडी बसत नाही.

इतका फरक जाणवतो तेव्हा बेल्ट बसवताना एक दात मागे गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. व्हॅक्युम गेज लावून ते दोन मिनिटांत कळतं. मॅनिफोल्डला गेज जोडा, गरम इंजिन आयडलला ठेवा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. दर १००० फुटांना एक इंच कमी धरा. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तेव्हा १६ च्या वर काटा यायला हवा. काटा स्थिर पण १२ ते १४ च्या आसपास अडकलेला असेल तर व्हॉल्व्ह किंवा इग्निशन टायमिंग मागे आहे. इग्निशन बरोबर करूनही काटा वर येत नसेल तर बेल्ट उघडा. काटा ठराविक तालात खाली पडत असेल तर टायमिंग नाही, एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. हेडच्या कामात व्हॉल्व्ह लॅपिंग झालं होतं का, ते विचारा.

बेल्ट उघडलाच आहे तर क्रँकच्या टोकाची चावी आणि तिचं घर नक्की पाहा. पुलीचा बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळलेला नसेल तर चावीचं घर हळूहळू लांबट होतं, पुली त्यात पुढेमागे ठोकते आणि टायमिंग रोज थोडं मागे जातं. पुली हाताने धरून दोन्हीकडे हलवा. चावीत हालचाल दिसली तर फक्त नवी चावी टाकून भागत नाही, घर भरून यंत्रावर पुन्हा कापावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या, न उघडलेल्या गाडीवर तोच गेज लावून तुलना करा. शेजारी सारखी गाडी असणं हे सर्वांत चांगलं मापक आहे. आणि सफारीच्या गाड्यांबद्दल एक गोष्ट : दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने, मध्येच इंजिन बंद-चालू करत चालणाऱ्या गाडीकडून हायवेच्या ॲव्हरेजची अपेक्षा करता येत नाही. तिथे लिटरमागे किलोमीटरपेक्षा एका फेरीला किती लिटर लागलं, हे वहीत लिहिणं जास्त उपयोगाचं.

प्रश्न : टायमिंग बेल्ट स्वतः बदलला. दोन्ही खुणा जुळवल्या, डिस्ट्रिब्युटर काढला होता तो पहिल्या सिलिंडरवर धरून बसवला. आता इंजिन कार्बोरेटरमधून ठोके देतं, सुरू होत नाही. बेल्ट तीनदा तपासला. (मडगाव)

उत्तर : बेल्ट बहुधा बरोबर आहे, डिस्ट्रिब्युटर उलटा बसला आहे. या इंजिनात क्रँक पुलीची ठोकलेली खूण ऑइल पंपावरच्या बाणाशी आणि कॅम पुलीची खूण वरच्या व्ही खुणेशी जुळते, तेव्हा कॉम्प्रेशनच्या टोकावर चौथा सिलिंडर असतो, पहिला नव्हे. पहिला आणि चौथा पिस्टन एकत्रच वर येतात, म्हणून प्लगच्या भोकात काडी घालून बघितलं तरी फसगत होते. रोटर चौथ्याच्या तारेकडे तोंड करून हवा.

डिस्ट्रिब्युटर काढून अर्धा फेरा, म्हणजे रोटर १८० अंश, फिरवून बसवा. गिअरचे दात तिरके असल्यामुळे आत जाताना रोटर थोडा फिरतो. तेवढं अंतर आधीच उलट धरून ठेवा. तारांचा क्रम १-३-४-२. शंका असेल तर पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवा. अंगठ्याला आतून हवेचा दाब लागेल तो फेरा कॉम्प्रेशनचा.

बेल्टच्या टेन्शनबद्दलही एक सूचना. टेन्शनर सैल ठेवून स्प्रिंगला काम करू द्या, क्रँक दोन फेरे घड्याळाच्या दिशेने फिरवा, मगच आवळा. न फिरवता आवळलेला बेल्ट खुणांवर बरोबर दिसतो आणि इंजिन चालू झाल्यावर ढिला पडतो.

प्रश्न : मूळ २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर टाकले. ॲव्हरेज दहावरून नऊवर आलं. पुढे घेतलेल्या कॅमने हा तोटा भरून निघेल का? (नाशिक)

उत्तर : आधी तोटा झाला आहे का, ते बघू. मूळ टायरचा व्यास ६६८ मिमी होतो, नव्याचा सुमारे ७३४ मिमी. म्हणजे चाकाचा प्रत्येक फेरा जवळजवळ १० टक्के लांब झाला, पण ओडोमीटरला ते माहीत नाही. मीटरवर ९० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी ९९ चाललेली असते. तुमचे नऊ म्हणजे प्रत्यक्षात ९.९. ॲव्हरेज जवळजवळ जागेवरच आहे.

ओढ मात्र नक्कीच कमी झाली असणार, कारण टायर उंच म्हणजे गिअरिंग लांब. खालच्या फेऱ्यांना इंजिन जास्त वेळ राहणार, तिथे ३ अंश पुढे घेतलेला कॅम जाणवेल. या पानावरच्या सगळ्या पत्रांत कॅम पुढे घेण्याला खरं कारण तुमच्याच गाडीत आहे.

पेट्रोल मोजताना एकच पंप, एकच नळी, पहिल्या आपोआप बंद होण्यापर्यंत भरणं, आणि निदान २५ लिटर संपल्यावर पुन्हा भरणं असं करा. टाकी ४० लिटरची आहे. १० लिटरवर अर्ध्या लिटरची चूक झाली तर निकाल ५ टक्के हलतो, आणि कॅमचा फरक त्यापेक्षा मोठा नसतोच.

प्रश्न : जिम्नीमध्ये असं काही करता येतं का? (ठाणे)

उत्तर : नाही, आणि गरजही नाही. जिम्नीच्या के१५बी इंजिनात व्हीव्हीटी आहे. ईसीयू (इंजिनाचा संगणक) तेलाच्या दाबाने कॅम स्वतःच पुढेमागे करतो, खालच्या फेऱ्यांना वेगळा, वरच्या फेऱ्यांना वेगळा. तुमचं काम एवढंच की मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलणं. घाण ऑइलने ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला की व्हीव्हीटी थांबतं.

एमपीएफआय जिप्सीवाल्यांनीही हात आखडता ठेवावा. कॅम हलवला की आयडलचा व्हॅक्युम बदलतो आणि इंधन त्याच्यावरून ठरतं. कॅमची जागा वाचणारा सेन्सर असेल तर चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो. ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट आणि एअर फिल्टर आधी बघा. गाडी कधीच गरम होत नसेल, काटा नेहमी खालीच राहत असेल, तर अडकलेला थर्मोस्टॅट पेट्रोल पीत असतो.

प्रश्न : डिझेल जीपचा कॅम एक-दोन अंश पुढे घेतला तर? (सातारा)

उत्तर : घेऊ नका. डिझेलमध्ये टीडीसीला पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात फार थोडी जागा असते. तिथे ॲव्हरेज मिळतं ते पंपाच्या टायमिंगमध्ये आणि नोझलच्या फवाऱ्यात. धूर काळा असेल तर नोझल काढून टेस्ट बेंचवर दाब आणि फवारा बघून घ्या.

प्रश्न : कॅम ४ अंश पुढे घेतला. पिकअप चांगला वाढला, पण एप्रिलपासून चढावर इंजिन टकटक करतं. इग्निशन मूळ आकड्यावर आहे. शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत ॲव्हरेज तसंही घसरलंय. गाडी कार्बोरेटरची. (अहिल्यानगर)

उत्तर : टकटक अपेक्षित आहे. इनटेक लवकर बंद झाला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण अडकतं आणि दाबताना प्रत्यक्ष दाब वाढतो. उन्हाळ्यात आत येणारी हवा गरम, रेडिएटर अर्धा चोंदलेला, पिस्टनवर कार्बन, की नॉकिंग सुरू. इग्निशन २ अंश मागे घ्या आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये चालवून बघा. तरी थांबलं नाही तर कॅम २ अंशांवर आणा. टकटक सहन करत चालवू नका. पिस्टनच्या रिंगांमधली पातळ कड तुटते, आणि ती तुटली की प्लगच्या टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक करडे ठिपके दिसायला लागतात.

घसरलेल्या ॲव्हरेजचं कारण पंपावर आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. एमपीएफआय गाडी इंधन वाढवून जुळवून घेते, कार्बोरेटरचं जेट मात्र तेवढंच राहतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लीन मिश्रण म्हणजे थ्रॉटल जास्त दाबणं, सिलिंडर जास्त तापणं, आणि त्यातून नॉकिंग. तुमच्या दोन्ही तक्रारी इथे एकमेकींना भेटतात.

मेन जेट एक नंबर मोठं टाकून बघा. प्लग काढून रंग तपासा. पांढरट असेल तर लीन आहे, बदामी आला की थांबा. त्यानंतर आयडल मिश्रण सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटरवर लावून घ्या. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना पीयूसीत सीओची मर्यादा ३ टक्के आहे, तुमची गाडी १ ते १.५ च्या आसपास ठेवली तर आयडलही स्थिर राहतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉलला टिकणारी टाका. जुन्या नळ्या आतून फुगतात, त्यांचे काळे कण फ्लोट चेंबरमध्ये येऊन जेट अर्धवट बंद करतात. ते झालेलं असेल तर कॅम कुठेही ठेवला तरी टकटक जाणार नाही. म्हणून कॅमला पुन्हा हात लावण्याआधी फ्लोट चेंबर उघडून तळाशी काय साचलंय ते बघा.